डिपस्टिकला दुधाळ ऑइल, ट्रॉलर १ ऑगस्टला काढायचा आहे: नुसतं ऑइल बदलून चालेल का?

मिरकरवाडा_६सिलिंडर

रत्नागिरीचा ट्रॉलर. ट्रकचं मरीन केलेलं सहा सिलिंडर इंजिन, ११० हॉर्सपॉवरच्या आसपास, टर्बो नाही. इंजिनात कूलंट फिरतं, खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजर आणि गिअर ऑइल कूलरमधून बाहेर जातं. इंजिनाचा ऑइल कूलर ब्लॉकच्या बाजूला, तो कूलंटवर आहे. खाऱ्या पाण्याचा पंप टायमिंग गिअरवर. सायलेन्सरचा पाइप ३ इंची, केबिनच्या छतातून सरळ वर, पाण्याशी संबंध नाही.

बोट जूनच्या पहिल्या आठवड्यात वर ओढून शाकारली. परवा इंजिन चालू करून बघितलं. पहिल्यांदा सेल्फ मारला तर अर्धा फेरा फिरून अडकला, दुसऱ्यांदा फिरला. बराच वेळ पांढरा धूर. पंपाचं सक्शन नळाच्या पाण्याच्या पिंपात टाकून दहा मिनिटं आयडलिंगला चालवलं, ऑइल प्रेशर नेहमीसारखं. बंद करून डिपस्टिक काढली तर लेव्हल मॅक्सच्या दोन बोटं वर आणि रंग जास्त दूध घातलेल्या चहासारखा. ऑइल १८ लिटर बसतं, १५डब्ल्यू-४०. गिअरबॉक्सचं ऑइल स्वच्छ. कूलंटची टाकी भरलेली.

आमचा फिटर म्हणतो, ऑइल काढा, ५ लिटर डिझेल आणि थोडं ऑइल घालून अर्धा तास चालवा, मग नवीन ऑइल घाला आणि जा. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. एवढ्यावर भागेल का? आणि पाणी आलं कुठून?

चेंबरवाला

आता सेल्फला हात लावू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा, नाहीतर कुणीतरी "बघू या" म्हणून बटण दाबतं. आणि आत्ताच्या आत्ता सायलेन्सरच्या पाइपच्या तोंडावर डबा उपडा घालून बांधा. कारण खाली येतंच.

पहिल्यांदा सेल्फ अडकला ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ. म्हणजे पिस्टनच्या वर पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉडवर सगळा भार येतो. नुसत्या सेल्फच्या जोरावर रॉड बहुधा वाचतो, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

सहाही नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. पाइपांना नंबर लावा, खालचे तांब्याचे वॉशर फेकून द्या, बसवताना नवेच घाला. भोकांवर फडकं टाकून बारने फ्लायव्हील पूर्ण दोन फेरे फिरवा. तोंड भोकावर आणू नका, आत राहिलेलं पाणी जोरात उडतं. इंजिन दहा मिनिटं चाललंय म्हणजे सिलिंडरमधलं बरंच पाणी गेलं असेल, तरी नोझल काढायचेच, कारण कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते मोजायचं आहे. एक सरळ वेल्डिंग रॉड घ्या, एकेक पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, आणा, भोकातून वेल्डिंग रॉड पिस्टनवर टेकवा आणि वरच्या कडेशी खूण करा. सहा खुणा एका रेषेत यायला हव्यात. एखाद्या सिलिंडरला वेल्डिंग रॉड मिलिमीटरभर जास्त खाली गेला तर तिथला कनेक्टिंग रॉड वाकलाय, हेड उघडल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

त्याच भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घालून लायनर (सिलिंडरची आतली नळी) बघा. पाणी जिथे साचून राहिलं तिथे तांबूस कडं दिसतं, पिस्टन पावसाळाभर जिथे थांबला होता बरोबर त्या उंचीवर. नुसता डाग असेल तर चालतो. खड्डे दिसले तर हेड काढून नख फिरवून बघावं लागेल. नख अडकलं की लायनर बदला, नाहीतर रिंग तिथे रोज घासणार. बघून झालं की प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिली इंजिन ऑइल सोडून परत दोन फेरे फिरवा.

मग ऑइल. खालचा प्लग बेडमुळे हाताला लागत नसेल तर हातपंपाची नळी डिपस्टिकच्या पाइपातून अगदी तळाला टेकवा. बोट किनाऱ्यावर आहे म्हणजे पाण्यातला उतार आता नाही. चेंबरची (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीची) कुठली बाजू खाली आहे ते लेव्हलची नळी धरून बघा, नाहीतर दीड-दोन लिटर तळाला राहील आणि तुम्हाला वाटेल निघालं सगळं. फिल्टर काढा, ऑइल कूलरचा खालचा प्लग उघडा, तिथेही लिटरभर अडकून असतं. रॉकर कव्हर काढून आतला पिवळट साय आलेला थर पुसा. सुती फडकं वापरा, कॉटन वेस्टचे धागे ऑइलच्या जाळीत जातात. ब्रीदरचा (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारा) पाइपही धुवा.

निघालेलं सगळं मोजा. किती लिटर जास्त निघालं यावर पुढचं बरंच कळतं.

खारेपाणी

वरचं सगळं मान्य. मी फक्त "आलं कुठून" यावर लिहितो, कारण ते न शोधता नवीन ऑइल घातलं की आठ दिवसांत हाच धागा परत वर येईल.

एक गोष्ट आधी. पाणी हळूहळू आत येऊन इंजिन बंदच राहिलं असतं तर डिपस्टिकला स्वच्छ ऑइल दिसलं असतं, फक्त लेव्हल जास्त. पाणी जड, ते तळाला बसतं. दुधाळ होतं ते क्रँक फिरल्यावर. म्हणजे चालू करायच्या आधी डिपस्टिक बघितली असती तर फक्त "लेव्हल वाढली कशी" एवढाच प्रश्न पडला असता. पावसाळ्यानंतर कुणाचंही इंजिन असो, चेंबरच्या तळातून अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत काढून बघायचं आणि मगच सेल्फ मारायचा.

आता संशयित. बोट किनाऱ्यावर होती, सक्शन कोरडं, म्हणजे समुद्राचं पाणी सायफनने येण्याचा प्रश्न नाही. उरतात चार.

एक, पंपाचं सील. गिअरवरच्या पंपात दोन सील असतात, पाण्याकडे एक आणि इंजिनाकडे एक. मधल्या जागेला खाली बारीक भोक असतं. पाण्याचं सील गेलं की पाणी त्या भोकातून टपकायला हवं, पण लोक पंप रंगवताना ते भोक बुजवतात किंवा मिठाने ते बंद होतं. मग पाणी दुसऱ्या सीलवर दाब टाकून टायमिंग केसमध्ये, तिथून चेंबरमध्ये. तार घालून भोक मोकळं करा. पण सेल्फ अडकला तो पंप फिरायच्या आधी, तेव्हा पंप एकटा गुन्हेगार असू शकत नाही. पंपाचं पाणी पिस्टनच्या वर जात नाही.

दोन, हेड पॅकिंग किंवा लायनरच्या खालच्या रबर रिंगा. तीन, ऑइल कूलर. तिन्ही कूलंटच्या बाजूचे. टाकी भरलेली आहे हा पुरावा नाही, मे महिन्यात कुणी टॉप-अप केलं असेल तर कळणार कसं? टाकीच्या तोंडाला हातपंप लावून ०.७ बारचा दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. ऑइल काढलेलं असताना हे करा. चेंबरचा प्लग उघडा ठेवा, लायनरची रिंग गेली असेल तर तिथून ठिबकतं. कूलरबद्दल एक लक्षात ठेवा: इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून फुटलेल्या कूलरमधून आधी ऑइल टाकीत जातं. पाणी उलट येतं ते इंजिन बंद केल्यावर, गरम कूलंटला दाब असतो आणि ऑइलला नसतो तेव्हा. टाकीत तेलकट थर नसेल तर कूलरवरचा संशय बराच कमी होतो.

चार, आणि माझा रोख इथे आहे: सरळ उभा सायलेन्सर पाइप. सहा सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी साधारण दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे असतात. पाइपात पडलेला पाऊस सायलेन्सर भरतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) येतो, उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगच्या फटीतून सावकाश चेंबरमध्ये. आकडा बघा. ३ इंची पाइपाचं तोंड ४५ चौरस सेंटिमीटर. रत्नागिरीत जून-जुलैला मिळून दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नुसत्या त्या तोंडातून पावणेसात लिटर पाणी आत जाऊ शकतं. ४ इंची असता तर १२ लिटर.

मॅनिफोल्डचा फ्लँज उघडा. काजळी मिसळलेलं काळं पाणी निघालं की विषय संपला.

पाणी कुठलं हे बघायला साधी चाचणी: काढलेलं ऑइल उंच बाटलीत भरून ती गरम पाण्याच्या बादलीत उभी ठेवा, तासाभराने खाली थोडंतरी पाणी सुटतं. ते स्टीलच्या ताटलीत आटवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, १०० मिली आटवलं तर पांढरा थर स्पष्ट राहतो. कूलंट असेल तर हिरवट चिकट थर. पावसाचं असेल तर फारतर करडा डाग. चव घेऊन बघू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आहे. आणि पिंपात नळाचं पाणी होतं, त्यामुळे मीठ मिळालं नाही म्हणून पंप सुटला असं समजू नका.

जुना_फिटर_देवगड

डिझेलने धुवायची पद्धत सगळ्या बंदरांवर आहे आणि इंजिनं चालतात. पातळ असल्याने ते कोपऱ्यातला मळ काढतं. एवढं घाबरण्यासारखं काय आहे? आयडलिंगला भार नसतो.

तेलमाप

देवगडकर, मळ काढायला डिझेल ठीक, पण इथे मळ नाही, पाणी काढायचं आहे, आणि डिझेल पाणी धरून ठेवत नाही. ऑइल धरतं. १५ लिटर ऑइलमध्ये दीड लिटर डिझेल घातलं तरी ४० ग्रेडचं ऑइल एक-दोन ग्रेड पातळ होतं. ५ लिटर डिझेल आणि "थोडं ऑइल" म्हणजे बेअरिंगवर फिल्म राहतच नाही, आणि तीही पाण्याने आधीच खराब झालेल्या शेलवर (क्रँकच्या बेअरिंगच्या पत्र्यांवर). इनलाइन डिझेल पंपाला इंजिनाच्याच ऑइलचं वंगण असेल तर त्याचा कॅमही त्याच पातळ तेलावर फिरतो. रॉकेल-पेट्रोल घालणारेही आहेत. ब्रीदरमधून निघणारी वाफ बंद इंजिन रूममध्ये साठते, पुढचं सांगायला नको.

फ्लशिंगला साधं, स्वस्त १५डब्ल्यू-४० घ्या. महागडा ग्रेड नको, ते फेकायचंच आहे. आणि तीनदा भरून काढा. तीनदा का, याचा हिशोब:

समजा १८ लिटर ऑइलमध्ये ६ लिटर पाणी आलं, म्हणजे २५ टक्के. कितीही काढलं तरी तळ, गॅलरी (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा), कूलर मिळून ३ लिटर आत राहतं धरू. त्यात पाऊण लिटर पाणी. वर १५ लिटर ताजं घातलं की मिश्रणात पाणी ४ टक्क्यांच्या वर. ते काढून परत भरलं की ०.७ टक्के. तिसऱ्यांदा ०.१२. साधारणपणे ०.२ टक्क्यांच्या वर पाणी असलेलं ऑइल इंजिनात ठेवत नाहीत, म्हणून दोनदा धुऊन थांबणं पुरत नाही. डोळ्याला मात्र दुसऱ्याच वेळी स्वच्छ दिसायला लागतं, आणि तिथेच बहुतेक जण फसतात.

पहिल्या भरणीला आयडलिंगला ५ मिनिटं, लगेच गरम-गरम काढा. दुसऱ्याला १५ मिनिटं. तिसऱ्याला कूलंट ८० अंशांपर्यंत जाऊ दे आणि अर्धा तास चालवा, म्हणजे उरलेलं पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून जाईल, ऑइल फिलरचं झाकण सैल ठेवा. भार अजिबात नाही, गिअर न्यूट्रल. प्रत्येक वेळी नवा फिल्टर. पाणी प्यायलेला कागद फुगतो, बायपास उघडतो आणि ऑइल न गाळता बेअरिंगवर जातं. प्रत्येक वेळी चालू करायच्या आधी स्टॉप लिव्हर ओढून, १० सेकंदांच्या टप्प्यांनी, प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा. पिंप २०० लिटरचं आणि डिस्चार्जची नळी परत पिंपातच टाका, पंपाचा इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) कोरडा फिरता कामा नये. तिसऱ्या फेरीत पिंपातलं पाणी तापलं की बदलत राहा.

पाणी उरलं का हे बघायला गॅसवर जाड तवा चांगला तापवा, बंद करा आणि डिपस्टिकवरून दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. शांत पसरून धुरावलं तर नाही.

पाणी खारं निघालं तर एवढ्यावर सोडू नका. मीठ शेलच्या तांबं-शिशाच्या थराला खातं आणि क्रँकच्या जर्नलवर गंज धरतं. तेव्हा चेंबर उतरवून निदान दोन मेन आणि दोन बिग-एन्ड कॅप उघडून बघायला हवेत. आणि पार्ट येईपर्यंत इंजिन रिकामं ठेवायचं नाही. स्वच्छ ऑइल भरून रोज हाताने दोन फेरे.

काढलेलं ऑइल बिल्जमध्ये किंवा जेटीवरून खाली नको. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत रिसायकलिंगवाल्यालाच द्यायचं. पाणीमिश्रित ड्रम वेगळा ठेवा आणि तसं सांगूनच द्या.

मालवण_ओबीएम

धाग्यात घुसतोय. आमच्या छोट्या होडीच्या आउटबोर्डचं खालचं गिअर ऑइल असंच पांढरं झालंय. तीच पद्धत का?

चेंबरवाला

नाही, तिथे काम सोपं आहे. प्रोपेलर काढा आणि शाफ्टच्या मुळाशी बघा. दहातल्या नऊ वेळा जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळून सीलच्या ओठात रुतलेला सापडतो. पक्कडने ओढू नका, ब्लेडने कापून काढा. दोन्ही सील बदला, ड्रेन आणि व्हेंट प्लगचे वॉशरही. ऑइल खालच्या भोकातून वर ढकलत भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय यायला लागलं की आधी वरचा प्लग लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि अर्धंच भरतं. भरायच्या आधी हवेने तपासायचं असेल तर दाब १ बारच्या खाली, जास्त दिलात तर चांगलं सील उलटेल.

मिरकरवाडा_६सिलिंडर

अपडेट. एकूण २३ लिटरच्या वर निघालं. मॅनिफोल्डचा फ्लँज सैल करताच काळं पाणी आलं, सायलेन्सरमध्ये अजून दोन लिटर होतं. पाइपावरची पत्र्याची टोपी जागेवर नाही, वाऱ्याने गेली असणार. ताटलीत करडा डाग, मीठ नाही, चिकट नाही. कूलंटला ०.७ बार दिला, काटा हलला नाही. पंपाचं भोक मोकळं आणि कोरडं. रॉडच्या सहा खुणा एका रेषेत. कॅमेऱ्यात २ आणि ४ नंबरच्या लायनरला तांबूस कडं आहे, खड्डे दिसत नाहीत.

तिन्ही फ्लश झाले, तव्यावर थेंब शांत. फिल्टर कापून बघितले: पहिल्यात साय, तिसऱ्यात काही नाही. गरम आयडलिंगला प्रेशर १.५ बार, मे महिन्यात १.७ असायचं. हा फरक चालेल?

तेलमाप

०.२ चा फरक काट्याच्या चुकीतही येतो, आणि त्या दिवशी इंजिन किती गरम होतं यावरही. नवीन ऑइल घालून, बोट पाण्यात गेल्यावर, नेहमीच्या तापमानाला परत बघा. १.५ वर टिकलं तर ठीक. रोज थोडंथोडं उतरत गेलं तर शेल गेले. तिसरा फिल्टर स्वच्छ आहे हे चांगलं लक्षण, पण बघताना चुंबकावर भिस्त नको, शेलचा चुरा चुंबकाला चिकटत नाही. उन्हात धरून सोनेरी-करडी चमक शोधा.

२ आणि ४ फायरिंग ऑर्डरमध्ये लागोपाठ येतात, म्हणजे त्या दोघांचेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे होते. हिशोब जुळतो. त्या दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह स्टेम गंजलेले असू शकतात. रॉकर कव्हर उघडं असताना हाताने फिरवून बघा, एखादा व्हॉल्व्ह सावकाश बसत असेल तर गाइडमध्ये ऑइल सोडून मोकळा करा. टॅपेट क्लिअरन्सही तपासा.

पहिले दोन-तीन दिवस बंदरापासून लांब जाऊ नका, पूर्ण थ्रॉटल देऊ नका. २५ तासांनी ऑइल आणि फिल्टर परत बदला, ते ऑइल कितीही चांगलं दिसलं तरी. गिअरबॉक्सची डिपस्टिकही रोज काढत चला, त्याचा कूलर खाऱ्या पाण्यावर आहे आणि त्याचं दुखणं वेगळं असतं.

खारेपाणी

पाइपाचं आता करून टाका, पुढच्या जूनची वाट नको. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या वाकाला अर्ध्या इंची पितळी कॉक बसवा. बंदीत तो उघडा ठेवायचा, सेल्फ मारायच्या आधी बंद. वर पाइपाला उलटा वाक देता आला तर उत्तम, नाहीतर बिजागरीचं झाकण. बिजागरी नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या, बाजूला ठेवा, म्हणजे तोंड मागे उघडतं आणि समोरून येणारा फवारा झाकणाच्या पाठीवर बसतो. बंदीत मात्र झाकणावर विसंबू नका, वरून प्लास्टिकचा कॅन उपडा घालून तारेने आवळा. आणि चावी लटकवता तिथेच "पाइप झाकलाय, कॉक उघडा आहे" अशी पाटी लावा, कारण बोट शाकारणारा आणि सेल्फ मारणारा बरेचदा वेगळे असतात.